खासगी शाळेत शिकवणं आणि मुलांची काळजी खरंच चांगली आहे का, हे पालकांनी कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमची मुलगी दुसरीत आहे, पुण्यात वाकडकडच्या एका खासगी सीबीएसई शाळेत. फी सव्वा लाखाच्या आसपास, बसचे वेगळे. वर्ष सुरू झाल्यापासून ही तिसरी क्लास टीचर. रिपोर्ट कार्डवर सगळीकडे ए, वह्या नीटनेटक्या, पण घरी गोष्टीचं नवीन पुस्तक हातात दिलं की दोन ओळींनंतर पोरगी अडते आणि चित्र बघून अंदाजाने पुढचं सांगते. आणि मागच्या महिन्यात तिला वर्गातून टॉयलेटला सोडलं नाही, कपडे ओले झाले, ती तशीच बसमधून घरी आली आणि शाळेनं 'लहान मुलांचं होतं असं कधीकधी' म्हणून विषय संपवला. तुम्ही विचारताय की शिकवणं चांगलं आहे का ते कसं ओळखायचं, काळजी घेतात का ते कसं ओळखायचं आणि शाळा बदलायची का. मिस्टर म्हणतायत सरळ इंटरनॅशनलमध्ये घालू.

मी बरीच वर्षं प्राथमिकला शिकवलं, नंतर पुण्यात आणि नाशिकला विनाअनुदानित शाळांमध्ये पर्यवेक्षिका होते, आता शिक्षकांची ट्रेनिंग घेते. त्यामुळे आतून जे दिसतं ते सांगते.

तुम्ही दोन प्रश्न वेगळे विचारलेत, पण मला ते एकच वाटतात. वाचताना अडणं आणि टॉयलेटचा प्रकार, दोन्हीच्या मुळाशी हेच आहे की त्या वर्गात आत्ता तुमच्या मुलीला नीट ओळखणारं मोठं माणूस कुणी नाही. जी बाई तिला ओळखत असेल तिला माहीत असतं की ही आपणहून हात वर करत नाही, मधल्या सुट्टीत डबा संपवायच्या नादात हिचं टॉयलेटला जायचं राहतं, हिचे बी आणि डी अजून उलटे पडतात, मोठ्याने वाच म्हटलं की हिचा आवाज बसतो. एवढं कळायला कुठल्याही चांगल्या शिक्षिकेला दोन-तीन महिने लागतात. तेवढ्यात बाई बदलली की नवीन बाई परत पहिल्यापासून सुरू करते, आणि जी मुलं शांत असतात, फार हुशार नाहीत फार मागेही नाहीत, ती सगळ्यात शेवटी लक्षात येतात.

ट्रेनिंगमध्ये मी शिक्षकांना एक गोष्ट करायला लावते. हजेरीपट न बघता आपल्या वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं एका कागदावर लिहा. पहिली दहा नावं लगेच येतात, ती हुशार मुलं आणि दंगेखोर मुलं. मग हात मंदावतो. शेवटी तीन-चार नावं आठवतच नाहीत, आणि त्या मुलांचं काय चाललंय हे त्या बाईला खरंच माहीत नसतं. यात वाईट बाई-चांगली बाई असं काही नाही, चाळीस मुलांच्या वर्गात हे होतंच, फक्त चांगल्या शाळेत ते होऊ नये म्हणून काहीतरी पद्धत बसवलेली असते आणि बाकीच्या शाळांत ते नशिबावर सोडलेलं असतं.

आता हे सगळं परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे हेही सांगते. तुमची मुलगी दुसरीत आहे म्हणून मी वाचन आणि क्लास टीचर यावर एवढा जोर देतेय, हाच प्रश्न आठवीच्या मुलाबद्दल असता तर मी गणित-सायन्सचे विषय शिक्षक आणि वर्गातली दादागिरी याबद्दल बोलले असते. तुमच्या भागात शाळांचे पर्याय भरपूर आहेत, तालुक्याच्या गावात एकच बरी शाळा असेल तर 'बदला' म्हणणं सोपं नसतं. आणि एका प्रसंगावरून शाळा वाईट ठरवू नका. कपडे ओले होण्याचा प्रकार चांगल्यात चांगल्या शाळेतही होऊ शकतो. पण चांगल्या शाळेत मावशी तिला बाजूला घेऊन कपडे बदलून देते, ऑफिसात एक-दोन जादा युनिफॉर्म ठेवलेले असतात, आणि मूल घरी पोचायच्या आत तुम्हाला क्लास टीचरचा फोन आलेला असतो. तुमच्याकडे यातलं काहीच झालं नाही, मला तो भाग जास्त खटकला.

आधी शिकवण्याबद्दल. पालकांना वर्गात बसता येत नाही, त्यामुळे वर्गात काय होतं याचा पुरावा म्हणजे वही. पण वही कशी वाचायची हे कुणी सांगत नाही. नीटनेटकेपणा बघू नका. तुमच्या मुलीची आणि तिच्याच वर्गातल्या दोन मैत्रिणींची इंग्लिशची वही शेजारी शेजारी ठेवा. 'माय मदर'वरच्या पाच ओळी तिघींच्याही शब्दन् शब्द सारख्या असतील, तिघींच्याही आया 'काइंड अँड हार्डवर्किंग' असतील, तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे, त्यात मुलीने स्वतः काही लिहिलेलं नाही. दुसरीच्या मुलीने खरंच स्वतः लिहिलेल्या पाच ओळींत स्पेलिंगच्या चुका असतात, मध्येच काहीतरी वेगळंच वाक्य असतं, आणि मला तशी वही बघितली की हायसं वाटतं. गणितात पण तेच बघा, सगळी गणितं बरोबर आणि सगळी पुस्तकातलीच असतील तर त्यावरून काही कळत नाही, पुस्तकाबाहेरचं शाब्दिक उदाहरण कुठे दिलंय का आणि तिथे मुलीने काय केलंय ते बघा.

मग करेक्शन. लाल टिक आहे म्हणजे तपासलंय असं नाही, चुकलेल्या शब्दावर सुद्धा टिक पडलेली मी कितीतरी वेळा बघितलीय. हिशोब करून बघा, चाळीस वह्या आणि एका वहीला फक्त दोन मिनिटं धरली तरी ऐंशी मिनिटं जातात, तेही एका विषयाची. प्राथमिकच्या क्लास टीचरकडे चार विषय असतात, दिवसाच्या आठ तासिकांपैकी सहा-सात तिच्याच, उरलेल्या ऑफ तासाला कुणी गैरहजर असेल तर प्रॉक्सी लागते. अशा बाईने प्रत्येक ओळ वाचून तपासावं ही अपेक्षा रोज पूर्ण होणार नाही आणि मी ती करतही नाही. मी एवढंच बघते की जिथे चूक दाखवलीय तिथे मुलीकडून ते परत करून घेतलंय का, आणि तीच चूक पंधरा दिवसांनी पुढच्या पानावर आहे का. आठवड्यातून एकदा तरी नीट वाचून, मुलीला उद्देशून दोन शब्द लिहिलेले दिसले तर ती शिक्षिका काम करतेय असं समजा.

वाचनाचं तुम्ही घरीच बघू शकता, त्याला कुठली टेस्ट विकत घ्यायची गरज नाही. प्रथम ही संस्था २००५ पासून गावागावांत 'असर' नावाची पाहणी करते, त्यात मुलांना अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा चार पायऱ्यांनी वाचायला देतात. तसंच करा. मात्र मजकूर तिने कधीही न बघितलेला हवा, शाळेच्या पुस्तकातला नको कारण तो पाठ झालेला असतो. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर फुकट गोष्टी मिळतात, मराठीतही आणि इंग्लिशमध्येही, पातळीप्रमाणे लावलेल्या. चित्र हाताने झाकून वाचायला सांगा, मध्ये मदत करू नका, आणि वाचून झालं की 'काय झालं गोष्टीत?' असं विचारा, त्याचं उत्तर मराठीत दिलं तरी चालेल.

आणि हे इंग्लिश-मराठी दोन्हीत करा, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवणं सक्तीचं आहे, म्हणजे तिला अक्षरओळख असायला हवी. मराठीतली सोपी गोष्ट ती समजून वाचत असेल आणि फक्त इंग्लिशला अडत असेल, तर तिला वाचता येतं, इंग्लिश भाषाच कमी कानावर पडलीय, ते दुरुस्त होतं. मराठीतही अडत असेल, जोडाक्षरं सोडा साधे तीन-चार अक्षरी शब्दही जुळवता येत नसतील, तर वाचनाचा पाया कच्चा राहिलाय आणि आत्ता दुसरीतच त्यावर काम करायला हवं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये निपुण भारत नावाचं अभियान सुरू केलं त्याचा उद्देशच असा आहे की तिसरी संपेपर्यंत मूल समजून वाचायला लागलं पाहिजे. त्यानंतर इतिहास-विज्ञान सगळंच वाचून शिकायचं असतं, तेव्हा जे मागे राहतं ते प्रत्येक विषयात मागे राहतं.

मग रिपोर्ट कार्डवर ए कसा? बऱ्याच शाळांत परीक्षेच्या आधी रिव्हिजन वर्कशीट देतात आणि पेपर जवळजवळ त्यातूनच निघतो. पालक खूश, मुलं खूश, सिलॅबस कंप्लीट. म्हणून प्राथमिकच्या ग्रेडवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

हे बघून झालं की एक काम आधी करा, डोळे आणि कान तपासून घ्या. तिसरीतला एक मुलगा आमच्याकडे 'केअरलेस' म्हणून प्रसिद्ध होता, फळ्यावरचं अर्धवट उतरवायचा, वर्गात चुळबुळ, दर पालकसभेला आईला तेच ऐकायला मिळायचं. चष्मा लागल्यावर दोन महिन्यांत तोच मुलगा वही पूर्ण करायला लागला. डोळे-कान ठीक असूनही आणि घरी नियमित सराव घेऊनही चार-सहा महिन्यांत काहीच फरक पडला नाही, अक्षरं उलटीच राहिली, तर मग अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारखी वाचण्या-लिहिण्यातली अडचण) आहे का याची तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्या. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ती धरलेली आहे आणि परीक्षेत सवलती मिळतात. पण आत्ता लगेच त्या शंकेने घाबरून जाऊ नका, तीन टीचर बदललेल्या मुलीचं वाचन मागे राहायला दुसरं कारण शोधायची सध्या गरज नाही.

आता टीचर का बदलतात. पालक हा प्रश्न विचारतच नाहीत आणि मला वाटतं ॲडमिशनच्या वेळी हाच पहिला विचारायला हवा, की मागच्या वर्षीच्या प्राथमिकच्या शिक्षकांपैकी यंदा किती जण आहेत. खासगी शाळेत शिक्षक सोडून जातात त्याची कारणं साधी असतात. अकरा महिन्यांची ऑर्डर, मे महिन्याचा पगार नाही. काही संस्थांत कागदावर एक पगार आणि हातात दुसरा. शिकवण्याबरोबर ॲडमिशनचे फोन, गॅदरिंगची प्रॅक्टिस, सोशल मीडियासाठी फोटो, रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर पालकांचे मेसेज. दोन किलोमीटरवर नवी शाळा उघडते, तिथे तीन हजार जास्त देतात, बाई जाते. तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही गेला असता. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा महाराष्ट्रात १९७७ पासून आहे, पण नोकरी जायच्या भीतीने फार कमी जण तक्रार करतात. तुमची सव्वा लाख फी त्या वर्गातल्या बाईपर्यंत किती पोचते यावर तुमच्या मुलीला वर्षभर एकच बाई मिळणार की नाही हे ठरतं, एवढं सरळ आहे ते.

हे बघायचा एक रस्ता पालकांच्या हातात आहे आणि तो वापरला जात नाही. फी नियमनाच्या २०११ च्या कायद्यानुसार खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असावीच लागते, समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात, आणि फी ठरवताना व्यवस्थापनाने खर्चाचा तपशील त्या समितीसमोर ठेवायचा असतो. त्यात पगारावरचा खर्च असतो. बहुतेक पालकांना आपल्या शाळेच्या समितीत कोण आहे हेही माहीत नसतं. पुढच्या वर्षी नाव द्या तुम्ही.

तुमची शाळा सीबीएसईची आहे म्हणजे आणखी एक गोष्ट आज रात्रीच बघता येईल. सीबीएसईने प्रत्येक संलग्न शाळेला वेबसाइटवर 'मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर' नावाचं पान ठेवायला लावलंय. संलग्नता क्रमांक, इमारत आणि फायर सेफ्टीचे दाखले, एकूण शिक्षक, त्यात प्राथमिकचे किती, स्पेशल एज्युकेटर आणि काउन्सेलर आहेत का, मुलींची आणि मुलांची टॉयलेट किती, हे सगळं तिथे असतं. ते पान सापडतच नसेल किंवा चार वर्षांपूर्वीची माहिती पडून असेल तर तेही काहीतरी सांगतं. त्यातले आकडे वर्गातल्या मुलांच्या संख्येशी ताडून बघा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे, सीबीएसई एका तुकडीत चाळीसपर्यंत मुलं घ्यायला देते, तुमच्या वर्गात बेचाळीस आहेत असं तुम्ही कमेंटमध्ये लिहिलंय. राज्य बोर्डाच्या शाळांबद्दल विचारणाऱ्यांनी शाळेचा अकरा अंकी युडायस नंबर, म्हणजे सरकारने प्रत्येक शाळेला दिलेला क्रमांक, युडायसच्या सरकारी साइटवर टाकून माहिती बघावी. अर्थात हे सगळं किमान अटींचं झालं. कागद पूर्ण असलेल्या आणि शिकवणं अगदीच सुमार असलेल्या शाळा मी बघितल्यात.

काळजीच्या बाबतीत कुठल्याही शाळेची परीक्षा मी टॉयलेटवरूनच घेते, म्हणून तुमचा प्रसंग मी हलका धरत नाहीये. सात वर्षांच्या मुलीला तासाच्या मध्ये सोडायचं की नाही हा नियम कोणी केलाय, तो सोयीसाठी केलाय की शिस्तीसाठी, टॉयलेटपाशी बाई-मावशी कोणी उभी असते का, आतून कडी लागते का, पाणी असतं का, हँडवॉश असतो का. मुलगी घरी आली की तिची पाण्याची बाटली बघा. रोज भरलेली परत येत असेल तर ती शाळेत पाणीच पीत नाहीये, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण टॉयलेट असतं, एकतर घाण असतं किंवा सोडत नाहीत किंवा तिथे मोठ्या मुली काहीतरी बोलतात. मुली लघवी धरून ठेवतात, मग इन्फेक्शन, पोटात दुखणं, आणि आपण मात्र ती शाळेला जायची टाळाटाळ करते म्हणून रागावतो. हे तिला शांतपणे विचारा, झोपताना वगैरे, 'टॉयलेटला जाताना सोबत कोण असतं?' एवढंच. उत्तर येईपर्यंत थांबा, दुसरा प्रश्न घाईने टाकू नका.

आरटीईच्या कलम १७ ने शाळेत मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे. सगळ्यांसमोर अपमान करणं, फी राहिली म्हणून वर्गाबाहेर उभं करणं, ओल्या कपड्यांवरून हसू देणं, हे मी मानसिक त्रासातच धरते आणि शाळेनेही धरायला हवं. तुमच्या मुलीला त्या दिवशी वर्गात कोणी काय बोललं हे जमलं तर हळूच काढून घ्या, माझ्या अनुभवात मुलांना कपडे ओले झाल्यापेक्षा ते हसणं जास्त दिवस लक्षात राहतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं जे प्रकरण झालं त्यानंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची समिती) याबद्दल परत कडक सूचना दिल्या. त्यामुळे आता प्रत्येक शाळा टूरवर तुम्हाला कॅमेरे दाखवते. कॅमेरे असावेतच, पण कॅमेरा जे घडलं ते नंतर दाखवतो, घडू न देण्यासाठी तिथे माणूस लागतं. म्हणून मी असं विचारते: साफसफाईची आणि बसची माणसं शाळेची आहेत की कंत्राटी, कंत्राटी असतील तर त्यांची पडताळणी कोणी केली, लहान मुलींना टॉयलेटला नेणाऱ्या सगळ्या बायकाच आहेत का, तक्रारपेटी किती दिवसांनी उघडतात आणि उघडताना कोण कोण हजर असतं, बसमध्ये शेवटचं मूल उतरेपर्यंत बाई अटेंडंट असते का. ज्या मुख्याध्यापिकेने यावर खरंच विचार केलाय ती दोन मिनिटांत नावानिशी सांगते. 'आमच्याकडे सगळं सेफ आहे मॅडम' हे उत्तर मला पुरत नाही. आणि वाचणाऱ्या सगळ्यांसाठी सांगून ठेवते, लैंगिक त्रासाची नुसती शंका आली तरी तो शाळेने आपापसात मिटवायचा विषय नाही, पॉक्सो कायद्यात माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. १०९८ ही चाइल्डलाइन चोवीस तास चालू असते. तुमच्या प्रसंगात मला तसं काही दिसत नाहीये, तो दुर्लक्षाचा प्रकार वाटतो.

आता काय करायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, तिथे शंभर मेसेज होतात, शाळा बचावाच्या पवित्र्यात जाते आणि तुमच्या मुलीचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. आधी क्लास टीचरला वेळ मागून भेटा, पीटीएमच्या म्हणजे पालकसभेच्या दिवशी नको, त्या दिवशी पाच मिनिटांच्या वर मिळत नाहीत. ती नवीन आहे, तिच्यावर राग काढू नका, उलट तुमच्या मुलीबद्दल चार गोष्टी तिला सांगा ज्या तिला कळायला अजून दोन महिने लागले असते. मग मुख्याध्यापिकेला मेल करा, मागण्या तीनच ठेवा: मुलगी मागेल तेव्हा तिला टॉयलेटला सोडावं आणि तसं सर्व विषय शिक्षकांना कळवावं, वाचनासाठी शाळा काय करणार, कोण करणार, आठवड्यातून किती वेळ, हे लिहून द्यावं, आणि वर्ष संपेपर्यंत ही क्लास टीचर राहणार का ते सांगावं. उत्तराची वाट दहा-बारा दिवस बघा.

वाचनाच्या मागणीवर काय उत्तर येतं तिकडे नीट लक्ष द्या. 'घरी लक्ष द्या' किंवा 'ट्यूशन लावा' म्हणाले तर शाळेने हात वर केले असं समजा, आणि वर्गातल्या बाईनेच ट्यूशनचं सुचवलं तर लक्षात ठेवा की शिक्षकांना खासगी ट्यूशन घ्यायला आरटीईच्या कलम २८ ने मनाई आहे. चांगलं उत्तर साधं असतं, की आठवड्यातून तीन दिवस झीरो पिरियडला (नेहमीच्या तासांच्या आधी) सहा मुलांचा गट घेतो, अमुक बाई घेतात, महिन्याने परत वाचून घेऊन तुम्हाला कळवतो. पर्यवेक्षिका वर्गात जाऊन बसते का, तिच्या लॉगबुकात काही लिहिते का, हेही विचारा. आणि हो, दप्तराच्या ओझ्याबद्दलच्या केंद्राच्या २०२० च्या धोरणात दुसरीपर्यंत होमवर्क नको असं म्हटलंय, तुमच्या मुलीला रोज तासभर लिखाण येत असेल तर तो वेळ वाचनाला द्यावा अशी विनंती करायला हरकत नाही. घरी रोज पंधरा मिनिटं मांडीला मांडी लावून वाचा, मराठीही वाचा.

'इंटरनॅशनल'बद्दल मिस्टरांना सांगा की पाटीवरच्या त्या शब्दाला काहीच अर्थ नाही, तसं नाव असलेल्या पुष्कळ शाळा सीबीएसई किंवा राज्य बोर्डाच्याच आहेत, संलग्नता कुठली ते बोर्डाच्या साइटवर बघावं. खरोखरच्या, म्हणजे आयबी-केंब्रिज या आंतरराष्ट्रीय बोर्डांच्या शाळांत वर्ग लहान असतात, मदतनीस शिक्षिका असते, याचा दुसरीच्या मुलीला फायदा होतो हे खरं आहे. पण टीचर सोडून जाणं तिथेही आहे, आणि दहावीपर्यंतची फी आत्ताच मांडून बघा, मध्येच परवडेना म्हणून सहावीत बाहेर काढलेली मुलं मी बघितलीत, त्यांचे फार हाल होतात. माझं विचाराल तर घरात मराठी असलेल्या मुलांसाठी चांगल्या मराठी शाळाही बघाव्यात. पुण्यात अक्षरनंदन १९९२ पासून आहे, अशा शाळा थोड्या आहेत आणि वाकडहून लांब पडतील, पण एकदा जाऊन वर्ग बघितलात तर मुलं स्वतः लिहितात-बोलतात म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसेल आणि मग दुसरी कुठलीही शाळा जोखायला सोपं जाईल.

बदलायची का? वर्षाच्या मध्ये नको. तिला आणखी एक चौथी बाई मिळेल, फक्त दुसऱ्या इमारतीत. मेलला नीट उत्तर आलं आणि महिनाभरात वाचनाच्या गटात काहीतरी हललं तर मी राहीन. उत्तरच आलं नाही, किंवा क्लास टीचर परत बदलली, किंवा मुलीचं रविवारी रात्री पोट दुखायला लागलं, तर तिसरीला बदला. दुसरी-तिसरीचं वय बदलायला चांगलं आहे, मुलं लवकर रुळतात. तुमच्या भागात पुढच्या वर्षाचे फॉर्म बऱ्याच शाळांत डिसेंबर-जानेवारीतच सुटतात, त्यामुळे दिवाळीनंतर दोन-तीन शाळा बघायला सुरुवात करा. ओपन हाऊसला जाऊ नका, त्या दिवशी सगळं सजवलेलं असतं. शाळा सुटायच्या वेळी गेटवर अर्धा तास उभ्या राहा, मावशी मुलांशी कशा बोलतात ते ऐका, मोठ्या वर्गातल्या मुलांच्या पालकांना विचारा, त्यातही शाळा सोडून गेलेलं कुणी ओळखीचं निघालं तर त्यांना आधी. आणि ऑफिसात बसलात की दुसरीच्या कुठल्याही मुलाची वापरलेली वही बघायला मागा. काही शाळा देतात, नाव झाकून का होईना.